व्हॅम्पायर गुप्तहेराची रहस्यकथा कशी लिहावी : शिकागो, डिसेंबर १९२६

गुप्तहेर व्हॅम्पायर असला तर त्याला काय काय करता येईल, याची यादी बहुतेक नवखे लेखक आधी करतात. तो अंधारात पाहतो, भिंत चढतो, गोळी लागून मरत नाही, रक्ताच्या वासावरून माणूस ओळखतो. यादी लांबत जाते आणि रहस्य आटत जातं, कारण असा गुप्तहेर तिसऱ्या पानावरच खुन्याची मानगूट धरू शकतो. म्हणून यादी उलटी करायची: त्याला काय जमत नाही? या उलट्या यादीला गँगस्टरांचं शिकागो फार चांगलं जुळतं. शहराचे अर्धे धंदे रात्री चालतात, पण पुरावे मात्र दिवसा उघड्या असणाऱ्या कार्यालयांत असतात.

पायरी १ : दशक नको, महिना ठरवा

‘१९२० चं दशक’ एवढ्यावर कथा उभी राहत नाही. अमेरिकेत दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधल्या काळात शिकागोतली सत्ता अनेकदा हलली. १० नोव्हेंबर १९२४ रोजी उत्तर भागाचा म्होरक्या डीन ओ'बॅनियन स्वतःच्या फुलांच्या दुकानात मारला गेला. जानेवारी १९२५ मध्ये दक्षिण भागाचा म्होरक्या जॉनी टोरिओ याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण कारभार अल कपोनच्या हाती देऊन बाजूला झाला. १४ फेब्रुवारी १९२९ ला नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये सात माणसं भिंतीला लावून मारली गेली. १९३१ मध्ये कपोन आयकर चुकवल्याबद्दल दोषी ठरला.

यातला कुठलाही महिना घ्या, पण एकच घ्या. मी डिसेंबर १९२६ निवडतो. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला ओ'बॅनियनचा वारस हायमी वाईस मारला गेला आणि त्याच महिन्यात टोळ्यांच्या म्होरक्यांनी हॉटेल शर्मनमध्ये बसून चक्क तह केला. तो काही आठवडेच टिकला. पण त्या आठवड्यांत पडलेलं प्रेत सगळ्यांनाच अडचणीचं असतं, कारण तह मोडल्याचा आळ कुणालाच अंगावर घ्यायचा नसतो. असं प्रेत लपवायला मारणारेही येतील आणि मेलेल्याच्या बाजूचेही. कथेला आणखी काय हवं?

कायदाही नीट वाचून घ्या. त्या दारूबंदीत पिणं हा गुन्हा नव्हता. बनवणं, विकणं आणि वाहून नेणं हे गुन्हे होते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळे, चर्चच्या विधीसाठी वाईनला मुभा होती. आपल्याकडच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. त्या सवयीनं मराठी लेखक शिकागोच्या गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांना प्यायल्याबद्दल बेड्या घालतो आणि जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

पायरी २ : नियम तीन ठेवा, आणि लवकर सांगा

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसरा असा, की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. तुमची कथा हा नियम पहिल्याच ओळीत मोडते, त्यामुळे बाकीच्या बाबतीत तुम्हाला दुप्पट प्रामाणिक राहावं लागतं. व्हॅम्पायरची जी काही बंधनं आणि बळं असतील, ती पहिल्या प्रकरणात वाचकाच्या हातात द्या. पुढे नवी शक्ती निघता कामा नये. अठराव्या प्रकरणात तो अचानक वटवाघूळ होऊन खिडकीतून निसटला, तर ती वाचकाची फसवणूक आहे.

मी घेतो ते तीन मुख्य नियम: ऊन (ते त्याला नष्ट करतं), आमंत्रण (कुणी बोलावल्याशिवाय त्याला आत शिरता येत नाही) आणि आरसा (त्यात तो दिसत नाही).

उन्हाबद्दल एक गंमत ध्यानात ठेवा. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट दिवसा फिरतो. त्याची शक्ती तेवढी कमी होते. सूर्यप्रकाशानं व्हॅम्पायर नष्ट होतो, ही कल्पना रुळली ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटापासून. ड्रॅक्युलाचं नाटक ब्रॉडवेवर १९२७ च्या ऑक्टोबरात आलं, हॉलिवूडचा बोलपट १९३१ मध्ये. म्हणजे डिसेंबर १९२६ मधल्या शिकागोच्या हवालदाराला ‘हा दिवसा कधीच दिसत नाही, नक्की व्हॅम्पायर!’ असं सुचणं अवघड आहे. तो फार तर म्हणेल, रात्रपाळीचा माणूस दिसतोय. हे अज्ञान तुमच्या गुप्तहेराचं सगळ्यात चांगलं संरक्षण आहे. ते वाया घालवू नका.

आमंत्रणाचा नियम मात्र या काळात विलक्षण रंगतो. धाड घालणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंट लागतं, आपल्या गुप्तहेराला कुणीतरी ‘या’ म्हणावं लागतं. चोरट्या गुत्त्याच्या दाराला छोटी खिडकी असते, तिच्यातून एक डोळा पाहतो, मग कडी निघते. दारवानानं कडी काढली म्हणजे आमंत्रण झालं का? की गुत्त्याच्या मालकानंच बोलवायला हवं? हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. माझं मत मालकाच्या बाजूनं आहे. त्यामुळे गुप्तहेराला आत शिरण्यापूर्वी मालक खरा कोण, हे शोधावं लागतं, आणि टोळीच्या धंद्यात कागदावरचा मालक आणि खरा मालक सहसा वेगळे असतात. नुसतं दार ओलांडता ओलांडता अर्धा तपास होतो.

आरशासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बारच्या मागे आरसा असतोच. गुप्तहेर कुठल्या खुर्चीवर बसतो, एवढ्यावर एक अख्खा प्रसंग तोलता येतो.

पायरी ३ : घड्याळाचा तक्ता करा

कागदावर चोवीस तासांची रेघ ओढा. शिकागोत वीस डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सकाळी सव्वासातच्या आसपास उगवतो आणि दुपारी चार वीसच्या सुमाराला मावळतो. म्हणजे गुप्तहेराला जवळजवळ पंधरा तासांची रात्र मिळते. तीच कथा जूनमध्ये घातली तर रात्र जेमतेम नऊ तासांची. हिवाळा निवडण्याचं हे खरं कारण. बर्फ आणि धुकं हे वरचं देणं.

आता त्याच रेघेवर शहर मांडा. कोर्ट, बँक, जमिनीच्या नोंदी, कोरोनरची (संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी हे सगळं उन्हात. गुत्ते, जॅझ क्लब, पोलीस ठाणी, वर्तमानपत्रांची कार्यालयं, शवागाराचा पहारेकरी हे अंधारात. साडेचार ते पाच हा अर्धा तास सोन्याचा: सूर्य गेलेला, पण कारकून अजून टोपी चढवत असतो. तुमच्या कथेतली सगळी धावपळ या अर्ध्या तासात कोंबा.

पायरी ४ : नकाशातून अडचणी काढा

शिकागोच्या मध्यवस्तीखाली सुमारे बारा मीटर खोलीवर अरुंद रुळांची मालवाहू बोगदा-रेल्वे होती, एकूण साठेक मैलांची. तिच्यातून दुकानांचा माल, कोळसा आणि राख जात असे. दिवसा हलायचं तर गुप्तहेराला ही वाट खुली आहे. पण ती फक्त मध्यवस्तीपुरती. दक्षिणेकडच्या कत्तलखान्यांपर्यंत तिनं जाता येत नाही. सोय द्यावी ती अशी, जिथं गरज सगळ्यात जास्त तिथंच ती संपावी.

ओ'बॅनियनचं दुकान नॉर्थ स्टेट स्ट्रीटवर होतं आणि समोर होली नेम कॅथीड्रल. वाईस मारला गेला तोही त्याच परिसरात, आणि त्या गोळीबारात चर्चच्या कोनशिलेलाही गोळ्या लागल्या. क्रूसासमोर उभं राहवत नसलेल्या गुप्तहेरानं तिथल्या फुटपाथवरचा पुरावा गोळा कसा करायचा? शिवाय ओ'बॅनियनला चर्चनं अंत्यविधी नाकारला होता. युरोपातल्या जुन्या समजुतींत असं विधीविना पुरलेलं प्रेत उठतं असं मानतात. हा धागा मोह पाडणारा आहे. मी तो फक्त अफवा म्हणून वापरेन, कुणाला तरी घाबरवण्यापुरता.

आणि लसूण, व्हॅम्पायरचा जुना वैरी! जॉन स्कलीसे आणि अल्बर्ट अँसेल्मी या टोळीतल्या मारेकऱ्यांच्या जोडगोळीबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: जखम चिघळावी म्हणून ते गोळ्यांना लसूण चोळत. एरवी गोळीला न जुमानणाऱ्या तुमच्या नायकाला या दोघांची मात्र धास्ती वाटायला हवी. असं आयतं मिळालेलं सोडायचं नसतं.

पायरी ५ : प्रेत बोलकं करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. रहस्यकथा प्रेतावर उभी राहते, आणि व्हॅम्पायर कथेत वाचकाची नजर रक्तावर असते. म्हणून सुगावाही रक्ताचाच हवा, पण मानेवरची दोन टोकदार छिद्रं नकोत. ती वाचकानं पाहून पाहून पाठ केली आहेत.

समजा, गॅरेजमध्ये एक माणूस पडला आहे. अंगात टॉमी गनच्या, म्हणजे टोळ्यांच्या आवडत्या हातातल्या मशीनगनच्या, तीसेक गोळ्या, त्या पिंपासारख्या पन्नास गोळ्यांच्या मॅगझिनातून सुटलेल्या. पोलीस म्हणतात, टोळीयुद्ध, तह मोडला. गुप्तहेर संध्याकाळी पोचतो, तोवर प्रेत शवागारात हललेलं असतं; त्याला मिळते ती फक्त जमीन. आणि जमिनीवर वासच नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. तीस गोळ्यांनंतर त्यातलं बरंचसं सिमेंटवर असायला हवं. नाही, म्हणजे गोळ्या झाडल्या तेव्हा हृदय थांबलेलं होतं, आणि रक्त आधीच दुसरीकडे गेलेलं होतं.

रात्री शवागारात दुसरे दोन सुगावे. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि त्वचेवर जांभळे डाग उमटतात; इथं ते अगदी फिके आहेत. आणि गुडघे वाकलेले ताठरले आहेत, जमिनीवर पडलेल्या माणसाचे वाकतील तसे नव्हे. प्रेत साधारण बारा तासांत पूर्ण ताठरतं, थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. म्हणजे ते कुठंतरी कोंबून बराच वेळ ठेवलेलं होतं.

आता वाचकाला आणि गुप्तहेराला एकच शंका येते: शहरात आपल्यासारखा आणखी एक आहे. ही शंका वाढू द्या, त्याला रात्रभर तिच्यामागे पळवा, आणि ती चुकीची ठरवा. खुनी माणूसच असावा, हा माझा आग्रह आहे. दुसरा व्हॅम्पायर खुनी निघाला तर नॉक्सचा नियम मोडल्याची शिक्षा वाचक लगेच देतो. युनियन स्टॉकयार्ड्स हा शहराच्या दक्षिणेचा अवाढव्य कत्तलखाना १८६५ पासून चालू होता. तिथं जनावराचं रक्त काढून टाकणं हे रोजचं काम, आणि शीतगृहंही तिथंच. नदीच्या एका फाट्यात इतकं रक्त-मांस सोडलं जाई की कुजून बुडबुडे येत. लोक त्याला बबली क्रीकच म्हणत. त्यात पाच लिटर कुणाच्या लक्षात येणार? गळ्यावरची सुरीची खूण झाकायला गोळ्या नेमक्या मानेवरून गेल्या आहेत, मांसाच्या ट्रकमध्ये घड्या घालून प्रेत आणलं आहे. सुरीचं कौशल्य, शीतगृहाची किल्ली आणि तह मोडण्यात फायदा, या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो खुनी. तिन्ही गोष्टी आधीच्या प्रकरणांत वेगवेगळ्या निमित्तानं वाचकासमोरून जाऊ द्या.

बंदुकीवरून छडा लावण्याचा मोह इथं टाळा. शिकागोत गोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना गाजली ती १९२९ च्या गॅरेजमधल्या हत्याकांडानंतर, बंदूक-गोळ्यांचा तज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड याच्यामुळे.

पायरी ६ : त्याच्या पोटाची सोय

ब्लड बँकेतून बाटली पळवणारा व्हॅम्पायर इथं चालणार नाही. अमेरिकेतली पहिली रुग्णालयीन ब्लड बँक १९३७ मध्ये निघाली, आणि तीही याच शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये. त्याआधी पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते असत. गुप्तहेराचा महिन्याचा खर्च तिथं दाखवता येतो. कत्तलखानाही आहेच, आणि त्यामुळे तिथले कामगार त्याला चेहऱ्यानं ओळखतात, ही गोष्ट पुढे तपासात उपयोगी आणि धोक्याची, दोन्ही ठरते. चोरट्या रक्ताची टोळी, रक्ताचे ट्रक, रक्ताचे गुत्ते हा विनोद एका वाक्यापुरता ठीक आहे. त्यावर कथा बांधणारे खूप झाले.

पायरी ७ : गोष्ट कुणी सांगायची

गुप्तहेरानं नको. त्याला वासानं कळलेलं त्यानं वाचकापासून लपवलं तर लबाडी, सांगून टाकलं तर रहस्य संपलं. दिवसा फिरणारा सोबती निवेदक करा. सिटी न्यूज ब्यूरो या शिकागोच्या वृत्तसंस्थेचे तरुण वार्ताहर ठाण्याठाण्यांवर बातम्या टिपत हिंडत. त्यातला एक घ्या. कोर्टात तोच जाईल, नोंदी तोच काढेल, आणि गुप्तहेर काहीतरी हुंगून गप्प झाला, एवढंच तो आपल्याला सांगेल. ते न्याय्य आहे, कारण त्यालाही तेवढंच दिसलं.

पायरी ८ : बोली

शिकागोच्या टोळीला डोंगरी-नागपाड्याची भाषा देऊ नका. ‘ए भाय, गेम बजा डाल’ म्हटलं की सिसिलीचा माणूस थेट मुंबईत उतरतो. साधी, सभ्य, थोडी कमी बोलणारी मराठी जास्त भीती घालते: ‘बॉस वाट पाहताहेत. कोट इथं काढून ठेवा. पिस्तूल कोटातच राहू द्या.’ बॉसला अहो-जाहो, हाताखालच्यांत अरे-तुरे, आणि गुप्तहेराला सगळे ‘तुम्ही’, कारण त्याच्याशी कुणाचीच सलगी नाही. कपोनला शक्यतो पडद्याआडच ठेवा. तो संवाद बोलू लागला की बाकीचे पुसट होतात.

पायरी ९ : शेवट आधी लिहा

अडचण उघड आहे: न्यायालय दिवसा बसतं, साक्षीदार रात्रीचा आहे. गुप्तहेरानं स्वतःच खुन्याचं रक्त पिऊन न्याय केला, हा शेवट सोपा आणि म्हणून कच्चा. त्याला असा पुरावा मिळवून द्या, जो त्याच्याशिवाय उभा राहील: शीतगृहाची आवक-जावक वही, ट्रकची नोंद, किल्ली कुणी नेली त्याची सही. कपोनलाही शेवटी हिशेबाच्या वह्यांनीच अडकवलं. ही वही निवेदकाच्या हातात सकाळी नऊच्या आत कशी पडते, एवढा प्रसंग आधी लिहून काढा. मग मागे जाऊन पायरी तीनच्या रेघेवर प्रत्येक प्रसंगाची वेळ टाका, आणि सव्वासातनंतर गुप्तहेर रस्त्यावर दिसला तर ते पान फाडा.