मेलिंग लिस्ट की चॅट: प्रकल्प खुला करण्याआधीची तयारी

कोड सगळ्यांसाठी खुला करणार असाल, तर त्यावरची चर्चा मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर आलेलं पत्र सगळ्या सदस्यांना पोचवणारी ईमेल यादी) करायची की चॅटवर, हे ठरवावं लागतं. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं हे नंतर बघा. आधी सध्या काम करणारी माणसं दिवसाच्या कोणत्या वेळी मोकळी असतात ते लिहून काढा आणि सगळ्यांना एकत्र सापडणारे तास मोजा. दोनच तास निघाले, तर चॅटवरचा जवळजवळ प्रत्येक निर्णय कुणीतरी झोपलेलं असताना होणार. अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं ठेवतात ते यामुळेच. नोकरी सांभाळून फावल्या वेळात कोड लिहिणाऱ्यालाही वाचून, विचार करून मत देता यावं. लिस्टवर जे आलं नाही ते ठरलंच नाही, ही तिथली जुनी रीत मला मनापासून पटते. तुमचा नियम काय असेल तो रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) एका वाक्यात लिहून ठेवा.

लिस्ट घेणार असाल, तर पहिला संदेश जाण्याआधी तिचा संग्रह तयार हवा: लॉगिनशिवाय वाचता येणारा, शोधता येणारा, आणि प्रत्येक पत्राला न बदलणारा दुवा देणारा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, अजूनही ईमेलनेच जातात. तपासणारा त्यातल्या नेमक्या ओळीखाली आपलं म्हणणं लिहितो. पुढे कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या कायमच्या नोंदीत, त्या चर्चेचा दुवाही टाकता येतो. त्यामुळे अमुक ओळ अशी का लिहिली, हे दहा वर्षांनी आलेल्या माणसालाही वाचता येतं. ज्यांना तो कोड लिहिणारे कधी भेटणारही नाहीत, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

पत्रं पोचतात का, हेही पाहा. एप्रिल 2014 मध्ये याहूने डीमार्कचं (पत्र खरंच त्या पत्त्याच्या सेवेतून आलं का, हे तपासण्याच्या पद्धतीचं) धोरण कडक केलं आणि याहूच्या पत्त्यांवरून लिस्टवर लिहिलेली पत्रं इतर सेवा नाकारू लागल्या. लिस्ट पत्र पुढे पाठवताना विषयात किंवा तळाशी भर घालते आणि त्यामुळे मूळची डिजिटल सही जुळत नाही. मेलमॅन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे. तो चालू करा आणि तीन-चार वेगवेगळ्या ईमेल सेवांवरून चाचणीची पत्रं पाठवा.

एवढं सगळं असूनही चॅट ठेवाच. कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना (बिल्ड) अडकलेल्या नवख्याला शेकडो अनोळखी लोकांना पत्र लिहिताना हात आखडतो. चॅटवर तोच माणूस चटकन विचारतो आणि वीस मिनिटांत कामाला लागतो. फक्त जुने संदेश राहतात कुठे, ते आधी तपासा. आयआरसी ही चॅटची जुनी पद्धत 1988 मधली. तिचा सर्व्हर सहसा इतिहास ठेवत नाही, म्हणून नोंद ठेवणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लागतो. स्लॅक या चॅट सेवेच्या मोफत योजनेत 2022 पासून गेल्या 90 दिवसांचेच संदेश दिसतात. झुलिप या चॅट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक संभाषणाला विषय देता येतो आणि धागे सुटे राहतात. मला ते या कामासाठी सर्वांत जवळचं वाटतं.

चॅटच्या खोलीच्या चाव्या, म्हणजे ती चालवण्याचे अधिकार, किमान दोघांकडे हव्यात. मे 2021 मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीचा वाद पेटला, स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं केलं आणि कितीतरी प्रकल्पांना घाईने घर बदलावं लागलं. अधिकृत पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनवर जाहीर केलेला असेल, तर अशा वेळी लोक नव्या जागी पोचतात.

सुरक्षेतल्या त्रुटी कळवायला खाजगी पत्ता वेगळा ठेवा. उघड लिस्ट आणि चॅट, दोन्ही त्यासाठी चुकीच्या जागा आहेत.

चॅटवर काही ठरलं, तर त्याच दिवशी त्याचा गोषवारा लिस्टवर कोण टाकणार, हे नावानिशी ठरवा. ‘कुणीतरी टाकेल’ म्हटलं की कुणीच टाकत नाही. महिन्याभराने चर्चेत नसलेल्या एकाला बोलवा, एक निर्णय सांगा आणि त्याचं कारण फक्त संग्रहातून शोधायला लावा. त्याला ते सापडलं नाही, तर त्याने कुठे कुठे शोधलं ते विचारून घ्या आणि गोषवारे तिथे पोचतील अशी व्यवस्था करा.