जुन्या मॅटाडोरला प्लायवूडचा तळ बसवताना

जुनी मॅटाडोर व्हॅन घेऊन तिचे फिरते घर करण्याची हौस असलेल्या माणसाचा पहिला उत्साह बहुधा पलंग, ओटा आणि दिवे यांवर खर्च होतो, आणि ज्याच्यावर हे सगळे उभे राहणार तो तळ मात्र सुताराच्या अर्ध्या दिवसाच्या कामावर सोडून दिला जातो. ठाण्यात हा हिशेब हमखास चुकतो. येथे जून ते सप्टेंबर गाडी उघड्यावर उभी राहिली की दारांच्या कडक झालेल्या रबरांतून, ओल्या चपलांतून आणि छत्र्यांतून पाणी आत येणारच. त्यामुळे तळ बसवणे म्हणजे त्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट ठरवून देणे होय. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा प्लाय थेट पत्र्यावर टाकून स्क्रू मारून मोकळा झालो होतो. दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या दाराजवळची कड खारी बिस्किटासारखी पापुद्रे सोडू लागली आणि प्लाय उचलला तेव्हा पत्र्यावर प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढे गंजाचे वर्तुळ दिसले.

म्हणून सुरुवात पत्र्यापासून करावी. जुने रेक्झिन, तागाचा फेल्ट आणि त्याखाली चिकटलेले डांबर पूर्णपणे खरवडून काढावे आणि जाड पेचकसाच्या टोकाने सगळा पत्रा टोचून पाहावा. जेथे टोक आत शिरते तेथे रंगाने भागत नाही; तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागतो. वागळे इस्टेटच्या परिसरात असे काम करणारी गॅरेजे सहज सापडतात, मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सुटलेल्या आहेत आणि डिझेलची टाकी व पाइप ठिणग्यांपासून दूर आहेत याची खात्री स्वतः उभे राहून करावी. उरलेला गंज ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासावा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. साधा रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण वरून रंगाचा थर न देता तो एकटा ओल अडवू शकत नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करणे उत्तम, कारण दमट हवेत पत्र्यावर न दिसणारी ओल धरते आणि प्रायमर पुढे पोपडे सोडतो. पत्र्यातील निचऱ्याची भोके रंगाने बुजणार नाहीत हे पाहावे; पुढच्या सगळ्या कामाची मदार त्यांच्यावर आहे.

पत्र्याला ज्या उभ्या पन्हळी असतात, त्यांच्या खोलगट भागात पन्हळीच्या उंचीइतक्याच जाडीच्या एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलच्या जातीच्या, पण घट्ट फोमच्या) पट्ट्या बसवाव्यात. थंड प्रदेशांतील लोक येथे जाड उष्णतारोधक थर देतात. आपल्याला थंडीची नव्हे, तर रस्त्याच्या उष्णतेची आणि आवाजाची काळजी असल्यामुळे उंची वाढवून डोक्यावरची जागा घालवण्यात अर्थ नाही. सायलेन्सरच्या वरच्या भागात फोम घालू नये, कारण तो साधारण 75 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो. निचऱ्याच्या भोकांकडे जाणाऱ्या पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात, आणि स्पंज, ताग किंवा काचेचे लोकर यांपैकी काहीही खाली घालू नये, कारण या वस्तू पाणी धरून ठेवतात.

प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर न जाता तावावर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहावा; या प्रतीच्या प्लायचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. 12 मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत जाडी पुरते. आठ बाय चारचा असा एक ताव साधारण 25 किलोंचा भरतो, तेव्हा 18 मिलिमीटरचा मोह टाळावा. ताव उभा धरून बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावा. मध्येच पोकळ आवाज आला तर आतल्या थरात फट आहे असे समजून तो परत द्यावा.

जुन्या गाडीची एकही बाजू सरळ नसते, त्यामुळे टेपने घेतलेली मापे फसवतात. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून भिंतीच्या पत्र्याला कंपासचे टोक लावत तोच आकार पुठ्ठ्यावर उतरवावा आणि चाकांच्या कमानींपाशी लहान तुकडे चिकटवत नमुना पूर्ण करावा. या कामाला माझी एक अख्खी सकाळ गेली, पण जिगसॉने कापलेला प्लाय नंतर एकदाही तासावा लागला नाही. चारी बाजूंना 5 मिलिमीटरची फट ठेवावी आणि दोन तावांचा सांधा पन्हळीच्या उंचवट्यावरच येईल असे मोजावे. डिझेल टाकीच्या फ्लोटवर (काट्याला डिझेलची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या भागावर) हात जाईल एवढे झाकण याच वेळी कापून घ्यावे, नाहीतर पुढे काटा बंद पडला की सगळा तळ उचकटावा लागतो.

कापून झाल्यावर दोन्ही अंगांना आणि विशेषतः कडांना पातळ इपॉक्सीचे हात द्यावेत. कड ते अधाशासारखे पिते. पिणे थांबेपर्यंत देत राहावे. बोल्टची भोके मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, वाळल्यावर नेमक्या मापाने पुन्हा पाडावीत, म्हणजे भोकाच्या आतली लाकडाची कड उघडी राहत नाही.

ताव पॉलियुरेथेन चिकटद्रव्याच्या पट्ट्यांवर बसवावेत. हे द्रव्य हवेतील ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे आपल्याकडे त्यावर साय लवकर धरते. सगळी तयारी करूनच नळी उघडावी आणि ताव ठेवल्यावर वीस लिटरचे पाण्याचे जार रात्रभर वजनाला ठेवावेत. बोल्ट फक्त दाराजवळ आणि सांध्यांपाशी, शक्यतो जुन्याच भोकांतून, स्टेनलेस स्टीलचे घालावेत. नवे भोक पाडावेच लागले, तर आधी गाडीखाली शिरून ब्रेकचे पाइप, डिझेलची नळी आणि वायरिंग कोठून जाते ते पाहावे आणि उघडा पडलेला पत्रा लगेच प्रायमरने झाकावा. आसनांची संख्या किंवा जागा बदलण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 लागू होते आणि आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते.

कडेच्या फटीत लवचीक सीलंट भरून दारापाशी अॅल्युमिनियमची एल पट्टी लावावी. वरचे व्हिनाइलचे आच्छादन मात्र लगेच चिकटवू नये. गाडी एकदा पाइपने धुवावी, दुसऱ्या दिवशी प्लायमध्ये टाकीच्या वर कापलेले झाकण उघडून खालच्या पन्हळीतून कोरडे फडके फिरवावे आणि ते ओले निघाले तर आधी दाराचे रबर बदलावे.