उरलेल्या दोघांचं काय करायचं?

परवा भाचीला गणित घातलं. सिंहगडावर २६ जण चाललेत, एका गाडीत चालक सोडून ४ बसतात, तर गाड्या किती लागतील? तिनं झटकन सांगितलं, “मावशी, सहा, बाकी दोन.” भागाकार चोख. पण गाडीवाल्याला फोन करून “सहा बाकी दोन गाड्या पाठवा” असं कोण म्हणतं?

ही चूक एकट्या तिची नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात तेरा वर्षांच्या मुलांना असाच प्रश्न विचारला होता: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर आला, पण ३२ बस हे उत्तर जेमतेम २३ टक्क्यांनी दिलं. बरीच मुलं ‘३१ बाकी १२’ लिहून मोकळी झाली.

म्हणून भागाकार झाला की पेन खाली ठेवू नका. आधी बाकीला नाव द्या. २ काय? गाड्या नव्हेत, माणसं. जे वाटायला घेतलं, तेच उरतं. एवढं लक्षात आलं तरी अर्धं काम झालं.

मग विचारा, हे उरलेले जातात कुठे? माणसं मागे ठेवता येत नाहीत, म्हणून एक गाडी वाढवायची: ७. आता तेच आकडे घ्या, पण २६ गुळाच्या पोळ्या ४-४च्या पाकिटांत भरायच्या आहेत. भरलेली पाकिटं ६च. उरलेल्या दोन पोळ्या भरणाऱ्यानं खाव्यात, असा आमच्या घरचा नियम. त्याच २६ पोळ्या चौघांत सारख्या वाटायच्या असतील तर उरलेल्या दोन मोडून प्रत्येकाला अर्धी, म्हणजे साडेसहा. पोळीऐवजी फुगे असते तर मोडता आले नसते. आणि “किती पोळ्या उरल्या?” असाच प्रश्न असेल, तर बाकी हेच उत्तर: २. वारांची गणितं अशीच सुटतात. आज मंगळवार, तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० भागिले ७, बाकी २, म्हणून गुरुवार. त्या १४ आठवड्यांचं इथं काही काम नाही.

एक खड्डा मात्र सांभाळा. ‘६ बाकी २’ म्हणजे ६.२ नव्हे. चारातले दोन म्हणजे अर्धा, म्हणून ६.५. ताळा करायला ४ × ६ + २ = २६ जुळतं का पाहा; बाकी ४ किंवा त्याहून जास्त आली तर भागाकार अर्धवट राहिलाय.

शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिहायला लावा: “७ गाड्या लागतील.” भाचीनं लिहिलं, पण तोंड वाकडं करून म्हणाली, “दोघं गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी चढले तर?”

तर सहा पुरतील. पण मग प्रश्नात तसं लिहायला हवं होतं.