रेडॉन सिस्टिम बसवताना पैसे कुठे वाया जातात? या चुका टाळा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात घर घेताना इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, आकडा ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) प्रति लिटर या मर्यादेच्या वर आला, की आपली मंडळी तो वायू बाहेर काढणारी सिस्टिम बसवायला दोन-तीन कंत्राटदारांना फोन करतात आणि सगळ्यात स्वस्त कोटेशन उचलतात. खरी चूक इथेच होते. खर्च ठरतो तो तुमच्या स्लॅबखाली, म्हणजे घराच्या तळाच्या काँक्रीटखाली, काय आहे त्यावर, आणि ते फोनवर कुणालाच दिसत नाही.

या भागात विषय गंभीर का, तेही सांगतो. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिकच्या अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले, की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं. तपासणीत दोष त्यांच्या बॉयरटाउनच्या घरात सापडला: रेडॉन सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर. ते घर ज्या रेडिंग प्राँग नावाच्या खडकपट्ट्यावर होतं, तो पट्टा उत्तर न्यू जर्सीतूनही जातो. अमेरिकेत दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे साधारण २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, अंदाज आहे. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना आपण बहुतेकदा बेसमेंटचीच खोली देतो, जिथे हा वायू सर्वात जास्त साठतो.

साध्या घरात काम ८०० ते २,५०० डॉलरच्या दरम्यान होतं. स्लॅबला भोक पाडून पीव्हीसी पाइप घालायचा, पंख्याने खालची हवा ओढायची आणि छपराच्या वर सोडायची. स्लॅबखाली खडी असेल तर एकाच भोकातून सगळीकडची हवा ओढली जाते. घट्ट चिकणमाती असेल तर दोन-तीन ठिकाणी भोकं लागतात, पंखा जास्त ताकदीचा लागतो आणि खर्च वर जातो. क्रॉल स्पेस, म्हणजे घराखाली रांगत जाण्याइतकीच बुटकी मोकळी जागा, असेल तर जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा सील कराव्या लागतात, म्हणजे आणखी खर्च. म्हणून कंत्राटदाराला सरळ विचारा: आधी ओढ तपासणार का? चांगला माणूस एका कोपऱ्यात व्हॅक्यूम लावतो, दुसऱ्या टोकाला लहान भोक पाडून तिथे धूर धरतो. धूर भोकात ओढला गेला, तर एक पाइप पुरेल. ही तपासणी न करता दिलेला भाव अंदाजपंचे असतो, आणि रेडॉनचा आकडा खाली आला नाही की दुसऱ्या भोकाचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

बेसमेंट फिनिश करून मग रेडॉनचं बघू, असं कृपया करू नका. भिंती, कार्पेट, छत झाल्यावर पाइपला जागा उरत नाही आणि नवंकोरं काम फोडावं लागतं. क्रम उलटा ठेवा.

नुसत्या भेगा बुजवून काम भागेल, असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. भेगा सील करणं हवंच, संप पिटवर (बेसमेंटमधलं पाणी जमा होण्याचा खड्डा) हवाबंद झाकणही हवं, पण पंख्याच्या जोडीला. एकट्या सीलिंगवर ईपीएही भरवसा ठेवत नाही.

पंखा बेसमेंटमध्ये बसवणं ही धोक्याची चूक. पंख्याच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो. सांध्याला बारीक फट पडली तरी रेडॉन घरातच ओकला जातो. पंख्याची जागा अॅटिकमध्ये किंवा घराबाहेर. बाहेरून नेलेला पाइप खिडकीखाली संपवला असेल, तर ते कामही परत करून घ्या. गॅसचा वॉटर हीटर बेसमेंटमध्ये असेल, तर पंखा चालू असताना त्याचा धूर घरात उलटा येत नाही ना, हे कंत्राटदारासमोरच तपासून घ्या.

काम झाल्यावर पाइपवरच्या इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीकडे बघा. दोन्ही बाजूंचा रंगीत द्रव एकाच पातळीवर असेल, तर ओढ नाही: पंखा बंद पडलाय किंवा नळी निसटलीय. पातळीत फरक दिसला म्हणजे रेडॉन कमी झाला, असं मात्र नाही; ते फक्त टेस्ट सांगते. सिस्टिम किमान २४ तास चालू ठेवून, ३० दिवसांच्या आत टेस्ट करा. टेस्टच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या बंद. टेस्ट शक्यतो बसवणाऱ्याने नव्हे, तिसऱ्याने करावी. आणि आकडा ४ च्या खाली आणण्याची हमी पैसे देण्याआधी लेखी घ्या. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात हे काम करणाऱ्याकडे राज्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नंबर मागायला संकोच नको.

चालू खर्चही धरा. ६० वॉटचा पंखा वर्षभर अखंड चालला तर सुमारे ५२५ युनिट वीज जाते. म्हणून हिवाळ्यात पंखा बंद करण्याचा मोह होतो, पण घर बंद आणि गरम असतं तेव्हाच जमिनीतून जास्त वायू ओढला जातो. पंखा कधीतरी बदलावा लागतो, त्याचे काहीशे डॉलर वेगळे.

नव्या घरात बिल्डरने पंख्याशिवाय पाइप घालून ठेवलेला असेल, तर नशीब चांगलं. टेस्ट करा, आकडा जास्त आला तर बहुतेक वेळा फक्त पंखा जोडायचा असतो आणि पूर्ण सिस्टिमपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. जुन्या घरात आधीची सिस्टिम असेल, तर क्लोजिंगआधी, म्हणजे खरेदी पक्की होण्याआधी, पंखा कधी बसवला आणि शेवटची टेस्ट कधी झाली, हे दोन्ही कागदावर मागा. टेस्टला दोन वर्षं उलटली असतील, तर नवी करून घ्या.