कोथिंबिरीची जुडी: शेणखतापासून धुण्याच्या हौदापर्यंत

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम १८(३) शेतकऱ्याला आणि शेतावरच्या पिकाला वगळतं. माल पॅकहाउसला (निवडून भरायच्या जागी) पोचला की मात्र कायदा लागू होतो. म्हणून नाशिकमधला मोठा खरेदीदार खत, पाणी आणि धुण्याची चौकशी करतो ती थेट बांधावर येऊन. अमेरिकेत याउलट आहे. तिथे २०१५ पासून शेतालाच नियम आहेत. तिकडे माल जात नसला तरी त्यांचे आकडे इथे उपयोगी पडतात, आणि कोथिंबिरीला सगळ्यात जास्त, कारण मेथी शिजते, कोथिंबीर कच्चीच ताटात पडते.

आधी खत. कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावेत, असं तिथल्या सेंद्रिय शेतीचं मानक सांगतं, तेही मातीला टेकणाऱ्या मालासाठी. कोथिंबीर ४०-४५ दिवसांत निघते. म्हणजे पेरणीआधी अडीच महिने खत पडायला हवं. तेवढी उसंत नसेल तर खत आधीच्या पिकाला द्या, नाहीतर नीट कुजवा: ढिगाचं तापमान किमान १५ दिवस ५५ अंशांवर हवं आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग उलटायचा. बाहेरचा थर थंड राहतो, जंतू तिथेच तग धरतात. उलटायचं ते यासाठी. जिवामृताची (शेण-गोमूत्राच्या द्रावणाची) पानांवर फवारणी कोथिंबिरीला नकोच. ते कच्चं शेणच आहे, पातळ केलेलं. द्यायचं तर पेरणीआधी, जमिनीतून, आणि १२० दिवसांचा हिशेब त्यालाही लागतो.

पाणी वर्षातून दोनदा तपासा, पावसाळ्याआधी आणि नंतर. उघड्या विहिरीत पहिल्या मोठ्या पावसाचं वाहतं पाणी उतरतं. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीवर मोटार असेल तर जास्त वेळा. बाटली लॅबकडूनच निर्जंतुक आणा. मोटार पाच मिनिटं चालवा, मग भरा. बूच खाली ठेवू नका, तोंडाला बोट लावू नका. बर्फात ठेवून सहा तासांत लॅबला पोचवा. धुण्याच्या पाण्यात १०० मिलीत ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) शून्य हवा.

खरी चूक होते ती हौदावर. एकाच पाण्यात सकाळपासून शेकडो जुड्या बुडतात, आणि एका वाफ्यातली घाण सगळ्या मालाला लागते. दोन हौद करा. पहिल्यात माती काढायची, दुसऱ्यात क्लोरीन. १०० लिटरला ३०-३३ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३० टक्के क्लोरीन असलेली) म्हणजे साधारण १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) क्लोरीन. पावडर आधी बादलीत कालवून निवळू द्या, वरचं नितळ पाणीच हौदात घाला. जुडी एक-दोन मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्यातून काढा. पाणी चहासारखं दिसलं की बदला, मातीने क्लोरीन संपवलेलं असतं. पाण्याचा सामू (पीएच) ७.५ च्या वर गेला तर क्लोरीन असूनही जोर राहत नाही. चाचणीच्या पट्टीने क्लोरीन आणि सामू दोन्ही तपासा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर वापरू नका, तिचा क्लोरीन उडालेला असतो.

काढणीच्या मजुरांसाठी संडास आणि साबण शेताजवळ हवा. जुलाब झालेल्याला पूर्ण बरं होईपर्यंत जुडी बांधायला लावू नका, दुसरं काम द्या. क्रेट थेट जमिनीवर नको, खाली ताडपत्री टाका.

वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, वाफा, खत-फवारणी, गाडी. उद्या एखाद्या दुकानातून तक्रार आली तर त्या तारखेच्या वाफ्याचाच माल मागे घ्यावा लागेल, अख्ख्या शेताचा नाही.