जिममध्ये रबर टाकताय? आधी खालची जमीन बघा, या चुका टाळा

नवीन जिम काढणाऱ्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, आठ एमएम घेऊ की दहा?" मी विचारतो, खाली काय आहे? कोबा, कोटा, शहाबादी की व्हिट्रिफाइड? तळमजला की वरचा? गाळा स्वतःचा की भाड्याचा? रबर चिकटवायचं, टेपवर बसवायचं की नुसतं अंथरायचं, हे या उत्तरांवर ठरतं. जाडी आणि रंग नंतर. पण बहुतेक ठिकाणी रोल दारात येऊन पडतो आणि मग मिस्त्री विचारतो, आता कसं टाकू?

ओल न तपासता गम लावणे

सगळ्यात जास्त पैसा या चुकीत जातो, म्हणून ही सविस्तर सांगतो. कोल्हापुरात तळमजल्यावरच्या एका हॉलला नवा कोबा केला होता. २८ दिवस होऊन गेले होते, मालकांना उद्घाटनाची घाई होती. मीही हो म्हणालो आणि ८ एमएमचे रोल पूर्ण चिकटवून दिले. महिना जुलैचा. तिसऱ्या आठवड्यात बोलावणं आलं. ट्रेडमिलच्या मागे पुरीएवढे फुगे. अंगठ्याने दाबला की फुगा बाजूला सरकायचा. कटरने चीर दिली, तर आतला गम पिवळट फेसासारखा झालेला आणि खालचा कोबा हाताला गारढोण.

२८ दिवसांत कोबा ताकद धरतो, वाळतो असं नाही. वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात, तोही कोरड्या हवेत. म्हणजे चार इंची कोब्याला चार महिने, पावसाळ्यात त्याहून जास्त. शिवाय डब्यातून थेट लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) गम ओलाव्यावरच पक्का होतो. खालून जास्त ओल मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गम फेसाळतो.

तपासायला फक्त प्लास्टिक लागतं. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. किमान १६ तास हवेत, मी पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. एक तुकडा हॉलच्या मधे, एक बाथरूमला लागून, एक पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीशी. आत थेंब धरले किंवा खालचा कोबा काळपट दिसला, तर गमाचा डबा उघडू नका.

फुगे आल्यावर सुईने गम भरणारे भेटतात. ओल खाली तशीच असते, फुगा शेजारी येतो. त्या हॉलचं रबर मी माझ्या खर्चाने उचललं आणि दिवाळीनंतर कोबा सुकल्यावर पुन्हा बसवलं.

जिथे तिथे चिकटवणे

भाड्याच्या गाळ्यात, धडक्या कोट्यावर गम लावायची गरजच नसते. २० एमएमची रबराची टाइल चौरस मीटरला सुमारे २० किलो भरते. चारही बाजूंनी भिंत असेल तर ती नुसती अंथरली तरी जागची हलत नाही. रोलला कडेने आणि दारापाशी दुहेरी टेप पुरते. पूर्ण चिकटवायचं ते जिथे स्लेड, म्हणजे वजन ठेवलेली घसरगाडी, ढकलतात तिथे, किंवा रबराची एखादी बाजू मोकळी सुटते तिथे. तिथेही गुळगुळीत पॉलिशवर गम धरत नाही, फरशी आधी घासून खरबरीत करावी लागते.

व्हिट्रिफाइड असेल तर प्रत्येक फरशी नाण्याने वाजवा. बद्द वाजली तर ती पोकळ आहे. डंबेल पडला की ती रबराखालीच फुटते आणि कळतं तेव्हा खड्डा पडलेला असतो. घरच्या जिममध्ये व्हिनाइलवर काळं रबर टाकू नका, त्याचे डाग निघत नाहीत.

भिंत धरून सुरुवात करणे

भिंत काटकोनात असतेच असं नाही. हॉलच्या मधे लाइनदोरी मारा, ३-४-५ ने गुण्या काढा (एका रेषेवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकं माप पाच आलं की काटकोन) आणि तिथून बाहेर जा. भिंतीशी दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट सोडा. ऊन येणाऱ्या काचेजवळ ही फट नसेल तर उन्हाळ्यात जोड वर उचलतात. रोल गुंडाळताना रबर ताणलं जातं, म्हणून तो उलगडून निदान २४ तास पडू द्या आणि मगच मापाला कापा. आल्या आल्या कापलेला रोल दुसऱ्या दिवशी अर्धा इंच तोकडा पडलेला मी बघितलाय. कापताना खाली लाकडी फळी, वर लोखंडी पट्टी, आणि ब्लेडला साबणाचं पाणी. एका दमात कापायला जाऊ नका, तीन-चार हात फिरवा.

डेडलिफ्टखाली ८ एमएम

८ एमएम चालण्या-फिरण्याला आणि मशीनला ठीक. बार जिथे आपटतो तिथे १८ एमएम प्लायचे दोन थर आडवे-उभे टाकून वर २० एमएम रबर, हे मला पटलेलं उत्तर. वरचा मजला असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. रबराने आवाज आणि धक्का कमी होतो, स्लॅबची ताकद वाढत नाही. फोमच्या रंगीत पझल मॅट या कामाच्या नव्हेतच, रॅकच्या पायाखाली त्या कायमच्या दबतात.

तालमीतली मशीनची खोली

आमच्याकडे बऱ्याच तालमींत कुस्तीच्या मातीच्या हौद्याशेजारी आता मशीनची खोली असते. तिथली दोन दुखणी वेगळी. एक तांबडी माती: ती पायांनी येते, जोडात बसते आणि पॉलिश पेपरसारखी कडा खाते. दुसरं मालिशचं तेल. टायरपासून बनलेलं हे रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. एका खोलीत बाकाखालची टाइल बोटाने कुरतडली जात होती, कारण मालिश तिथेच चालायची. वस्तादांनी ऐकलं: पाय धुवायला दाराबाहेर नळ घेतला आणि मालिशला वेगळा कोपरा दिला, तिथे साधी शहाबादी ठेवली.

पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि पिळलेला मॉप पुरतो. ॲसिड किंवा थिनर नको. गम लावला असेल तर पहिले तीन दिवस पाणीही नको. आणि ऑर्डर देतानाच त्याच लॉटच्या चार टाइल जादा मागवा, पुढच्या खेपेचा काळा रंग आणि जाडी तंतोतंत जुळत नाही.