बदनाम खलनायक पडद्यावर आणताना

जुन्या कॉमिक्समधला एखादा खलनायक तुम्हाला सिनेमात घ्यायचा आहे, पण आज ती पानं उघडली की मान खाली जाते. मग पटकथेला हात लावू नका. आधी तो कोणत्या साली जन्मला ते शोधा आणि त्या साली लोक कुणाला घाबरत होते ते वाचा.

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या घरी रविवारी पटकथा लिहिणारी पोरं बसतात, त्यांना मी मँडरिनचंच उदाहरण देते. हा आयर्न मॅनचा शत्रू ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या कॉमिकच्या ५०व्या अंकात, फेब्रुवारी १९६४ मध्ये आला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार डॉन हेक यांनी त्याला घडवलं. कोरियाचं युद्ध संपून दहा वर्षं झालेली, व्हिएतनाममध्ये अमेरिका गुंतत चाललेली, चीनशी राजनैतिक संबंधच नाहीत. त्या भीतीला चेहरा हवा होता आणि साचा तयार होता. सॅक्स रोमरच्या कादंबऱ्यांतला चिनी खलनायक फू मांचू १९१३ पासून बाजारात फिरत होता. लांब नखं, झगा, कपटी नजर आणि सिनेमांनी चिकटवलेल्या लोंबत्या मिशा. मँडरिनला तेच कपडे चढवले.

आम्हा नागपूरकरांना हे चटकन उमगतं. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, तिच्यासोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे निघतात. मारबत वर्षानुवर्षं तीच, पण बडग्या दरवर्षी नवा. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल त्याचं तोंड त्याला लावायचं, गळ्यात पाटी अडकवायची आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायचं. कॉमिक्सचा खलनायक हा असाच त्या सालचा बडग्या असतो. फरक एवढाच की त्याला कुणी जाळत नाही. साठ वर्षांनी तो जसाच्या तसा कपाटातून काढला, तर लोक विचारणारच की ही पाटी कुणाच्या गळ्यात अडकवताय.

आता कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला कथेचं लिहा, उजव्या बाजूला तिरस्काराचं. मँडरिनचं डावीकडे काय येतं? परग्रहावरच्या यानात सापडलेल्या दहा अंगठ्या, प्रत्येकीची शक्ती वेगळी. टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, तोडीची बुद्धी. घराण्याचा अभिमान आणि साम्राज्याची भूक. उजवीकडे नखं, मिशा, डोळ्यांची ठेवण, कातडीला दिलेला रंग आणि ‘पूर्वेकडचे लोक असेच’ हा सूर. उजवी बाजू पूर्ण खोडा. डावीतलं मात्र रतीभरही कमी करू नका. घाबरलेला लेखक नेमका इथे हात आखडतो. वादग्रस्त भाग काढताना जरबही काढून टाकतो, मग उरतो कुणालाच न खटकणारा आणि कुणालाच न आठवणारा माणूस.

‘आयर्न मॅन ३’ने २०१३ मध्ये वेगळी वाट धरली. बेन किंग्जलीचा मँडरिन हा भाड्याने आणलेला नट निघतो, ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा, आणि खरा सूत्रधार ऑल्ड्रिच किलियन. बागुलबुवा आपणच उभा करतो, हे दिग्दर्शक शेन ब्लॅकने धीटपणे सांगितलं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण अवघड पात्राला सामोरं जाण्याऐवजी ते पात्रच नव्हतं असं म्हणणं हा तोडगा एकदाच चालतो. दहा अंगठ्यांची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती काही लागलं नाही. तुमच्या पटकथेत हा मार्ग शेवटचा ठेवा.

‘शांग-ची’ या सिनेमाने २०२१ मध्ये जे केलं ते बारकाईने पाहा. शांग-ची हा कॉमिक्समध्ये १९७३ पासून आहे आणि तिथे सुरुवातीला त्याचा बाप चक्क फू मांचू होता. सिनेमात बापाची जागा वेनवूला, म्हणजे दहा अंगठ्यांच्या खऱ्या मालकाला, मँडरिनला दिली, टोनी लिआंगने ती भूमिका केली. म्हणजे दोन बदनाम पात्रांची गाठ एकाच माणसात सोडवली. अंगठ्या बोटांतून काढून मनगटांवर चढवल्या, कुंग फूच्या सरावात हातात घालतात तशी लोखंडी कडी केली. हा बदल नुसता दिसण्याचा नाही. कडी फेकता येतात, चाबकासारखी फिरवता येतात, परत बोलावता येतात, त्यामुळे प्रत्येक मारामारीत माणसाचा स्वभाव दिसतो. वस्तू बदलताना हाच प्रश्न विचारा की नव्या वस्तूने नटाला काय करता येईल.

आणि वेनवूची भीती कशातून येते? हजार वर्षं सत्तेसाठी माणसं मारलेला हा गडी बायकोसाठी कडी उतरवून ठेवतो. जुने वैरी तिला मारतात. तो कडी पुन्हा चढवतो आणि लहानग्या मुलाला सोबत घेऊन सूड घ्यायला जातो. मुलाच्या डोळ्यांदेखत माणसं मारतो, चौदाव्या वर्षी त्यालाच खून करायला धाडतो. पुढे बंद दाराआडून मेलेल्या बायकोची हाक ऐकू येते, असं त्याला वाटतं आणि त्या हाकेपायी तो तिचं अख्खं गाव पणाला लावतो. चेहऱ्याची, जातीची, देशाची भीती इथे कुठेच नाही. आहे ती त्याच्या हातून घडलेल्या गोष्टींची. त्याची बहादूर मुलगी, मेहुणी, सगळं गाव त्याच मातीतलं आहे, म्हणून त्याचं वाईट वागणं त्याच्या एकट्याचंच राहतं. हा नियम मी पोरांकडून पाठ करून घेते: खलनायक ज्या समाजातला, त्या समाजातलं पडद्यावरचं एकमेव माणूस तो असता कामा नये.

माझ्याकडच्या एका मुलाच्या पटकथेत गडचिरोलीच्या जंगलातला मांत्रिक होता. कवट्यांची माळ, अंगाला राख, तोंडी तुटकी भाषा. रेघ ओढल्यावर उजवी बाजू भरून गेली, डावीकडे एकच ओळ उरली: ‘नदीला हुकूम देतो.’ तेवढी पुरे होती. माळ गेली, शर्ट-पँट आली. त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, मोबदल्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून जपलेले. तो रात्री पूर आणतो आणि खालच्या अंगाला झोपलेल्या वस्तीचा विचार करत नाही. त्याला अडवायला येते त्याच्याच गावची नर्स, त्याच्याच बोलीत भांडत. पहिल्या खर्ड्यात त्याला पाहून पोरं हसायची. दुसरा वाचताना खोलीत भांडण झालं, अर्धे त्याच्या बाजूने.

नावाचं काम थोडक्यात. ‘ब्लॅक पँथर’मधल्या एम्बाकूला कॉमिक्समध्ये माकडावरून दिलेलं टोपणनाव होतं. २०१८च्या सिनेमाने ते टाकलं, त्याला जबारी टोळीचा मानी सरदार केला, आणि ते नाव मागायला कुणी आलं नाही.

भाषेवर मात्र वेळ घाला. ‘शांग-ची’ची सुरुवातच चिनी भाषेतल्या निवेदनाने होते आणि वेनवू घरच्यांशी अनेकदा त्याच भाषेत बोलतो. आपल्याकडे खलनायकाला गावंढळ हेल देऊन मोकळे होतात. गोंडी बोलणारा माणूस गोंडीतच विचार करेल, तेव्हा त्याचं प्रेमाचं आणि शहाणपणाचं बोलणं आधी गोंडीत लिहून घ्या, शिवीगाळ नंतर. हे घरबसल्या जमत नाही. ती भाषा घरात बोलणारा लेखक शोधा, त्याला पहिल्या खर्ड्यापासून सोबत बसवा, मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव तुमच्या नावाशेजारी छापा. एखाद्या प्रसंगाला तो ‘असं आमच्यात कुणी करत नाही’ म्हणाला, तर वाद घालू नका. मग काय करतात ते विचारा आणि तेच लिहा.